कॅसेटीतला सेल

टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेम तुम्ही पाहिला असेल. त्याच्या डबीला आपल्याकडे मुले कॅसेट म्हणत. तिचे खरे नाव कार्ट्रिज. तिच्यात फीत नसते. आत एक पातळ पाटी असते. पाटीवरच्या चिपमध्ये सगळा खेळ साठवलेला असतो.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८७ साली अमेरिकेत ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ हा खेळ आणला. खेळ मोठा. एका बैठकीत संपेल कसा? खेळणारा कुठवर आला, याची नोंद राहावी म्हणून कॅसेटीत नाण्यासारखा चपटा सेल बसवला. सेल संपला, की खेळ चालतो, पण नोंद पुसली जाते.

अशा जुन्या कॅसेटी जमवणारे लोक अमेरिकेत आणि जपानात पुष्कळ आहेत. त्या जपाव्यात कशा, हे ते एकमेकांना शिकवतात. आधी नोंद संगणकावर उतरवून घ्यायची. मग डाख सोडवून जुना सेल काढायचा आणि नवा बसवायचा. धूळ बसली तर तोंडाने फुंकर मारायची नाही. तोंडाच्या ओलाव्याने धातूची टोके खराब होतात. स्पिरिट लावलेल्या कापसाने ती हलकेच पुसायची. कॅसेट नकली वाटली, तर उघडून आतली पाटी तपासायची.

एवढी खटपट कशासाठी? २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांची २०२३ मध्ये पाहणी झाली. शंभरातले ८७ खेळ बाजारात मिळेनासे झाले होते. असे कितीतरी खेळ आज हौशी माणसांच्या कपाटातच सापडतात. म्हणून नुसते जमवून भागत नाही. वस्तू चालती ठेवावी लागते.