खात्यातून परस्पर कपात नको, तरी घरातील वीज व गॅस परवडावा

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात चकलांबा हे गाव आहे. कापूस, ऊस, तूर व बाजरी या पिकांवर आणि शेतमजुरीवर जगणाऱ्या मराठवाड्यातील असंख्य गावांपैकी ते एक. या जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास लक्षावधी ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. मुकादमाकडून मिळणारी उचल हीच अनेक कुटुंबांची वर्षातील मोठी रोख रक्कम असते. अशा घरात पैसा हंगामाने येतो, पण विजेचे बिल मात्र दर महिन्याला येते. या विसंगतीतून मार्ग कसा काढावा, याची माहिती वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अलीकडे बँका व विविध कंपन्या ग्राहकांना खात्यातून बिलाची परस्पर कपात होऊ देण्याचा आग्रह करतात. ज्यांचा पगार ठरावीक तारखेला जमा होतो त्यांच्यासाठी ही सोय चांगलीच आहे. परंतु ज्यांच्या खात्यात कधी पाच हजार तर कधी पन्नास रुपये असतात, त्यांच्यासाठी ती धोक्याची ठरू शकते. कपातीच्या दिवशी शिल्लक अपुरी असेल तर बिल तर भरले जात नाहीच, शिवाय बँक त्याबद्दल दंड आकारते. बिल चारशेचे आणि दंडही जवळपास तेवढाच, असा प्रकार घडू शकतो.

मग परस्पर कपात नाकारल्यास वीज महाग पडते काय? ब्रिटनसारख्या देशात हा प्रश्न खराच आहे. तेथील नियामकाने ठरविलेला कमाल दर भरणा करण्याच्या पद्धतीनुसार बदलतो आणि खात्यातून कपात होऊ देणाऱ्यापेक्षा बिल आल्यावर पैसे भरणाऱ्याला अधिक मोजावे लागतात. आपल्या राज्यात तसे नाही. महावितरणचा घरगुती वीजदर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवितो आणि बिल कोणत्या मार्गाने भरले यावरून प्रतियुनिट दर बदलत नाही. बिलाच्या दिनांकापासून सात दिवसांच्या आत भरणा केल्यास सुमारे एक टक्का त्वरित भरणा सवलत मिळते. ऑनलाइन भरणा केल्यास आणखी पाव टक्का मिळतो. चारशे रुपयांच्या बिलावर या दोन्ही सवलती मिळून फार तर पाच रुपये होतात. तेव्हा रोखीने भरणाऱ्या गरीब ग्राहकाचे फार मोठे नुकसान होते, ही समजूत योग्य नाही. खरे नुकसान होते ते उशिराने. मुदत टळली की सव्वा टक्का विलंब आकार लागतो, पुढे थकबाकीवर व्याज चढते आणि वीज तोडली गेली तर पुनर्जोडणीचे शुल्कही द्यावे लागते.

भरणा करण्याचे मार्ग

महावितरणची अधिकृत भरणा केंद्रे व टपाल कार्यालये यांतून रोखीने बिल भरता येते. ऑगस्ट २०२३ पासून लघुदाब ग्राहकांसाठी रोख भरण्याची मर्यादा महिन्याला पाच हजार रुपये, तर कृषी ग्राहकांसाठी दहा हजार रुपये करण्यात आली. सामान्य घराच्या बिलाला या मर्यादेची अडचण येत नाही. मात्र वर्षभराची थकबाकी एकदम भरावयास जाणाऱ्याने ती ध्यानात ठेवावी.

बिलाकरिता तालुक्याच्या गावी जाण्यात एस. टी. चे भाडे आणि दिवसाची मजुरी जात असेल, तर सवलतीच्या पाच रुपयांना काय अर्थ? या दृष्टीने महावितरणच्या पेमेंट वॉलेटची माहिती उपयुक्त आहे. अठरा वर्षांवरील व्यक्ती, किराणा दुकानदार किंवा महिला बचत गट या वॉलेटद्वारे गावातच इतरांची बिले स्वीकारू शकतात आणि त्यांना प्रत्येक पावतीमागे पाच रुपये मोबदला देण्याची तरतूद करण्यात आली. गावातील एखाद्या गटाने हे काम अंगावर घेतल्यास शंभर घरांची पायपीट वाचेल आणि गटालाही थोडी मिळकत होईल.

घराला कुलूप असते तेव्हा

ऊसतोडीला गेलेल्या घरी वीज वापरली जात नसली तरी स्थिर आकार चालूच राहतो. शिवाय मीटर घराच्या आत असेल तर वाचन होत नाही आणि सरासरीने बिल येते. यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे आगाऊ भरणा. उचल हाती आली असतानाच, मागील बिलावरील स्थिर आकार पाहून सहा महिन्यांना पुरेल एवढी रक्कम महावितरणकडे आगाऊ भरता येते. पुढील बिले त्यातून वळती होतात. परस्पर कपातीचा जो लाभ, म्हणजे बिल न चुकणे, तो येथे खात्याला हात न लावू देता मिळतो. दुसरा उपाय म्हणजे मीटर शक्यतो बाहेरून दिसेल असे असावे, किंवा घरी राहिलेल्या वडीलधाऱ्यांनी अथवा शेजाऱ्यांनी महावितरणच्या मोबाइल ॲपवरून मीटरचे वाचन पाठवावे. सरासरीचे बिल आलेच तर प्रत्यक्ष वाचनानंतर ते दुरुस्त करून घेण्याचा ग्राहकाला अधिकार आहे.

थकबाकी झाली तरी घाबरून जाऊ नये. विद्युत कायदा, २००३ मधील कलम ५६ नुसार वीज तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल वाद असल्यास हरकत नोंदवून रक्कम भरता येते आणि तेवढ्या काळात वीज तोडता येत नाही. रक्कम मोठी असेल तर उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज करून हप्ते मागावेत आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. तेथे दाद न मिळाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यापुढे विद्युत लोकपाल आहेत. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक विनामूल्य आहे. ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या क्रमांकावर फोन करा’ असा संदेश खाजगी क्रमांकावरून आला तर तो फसवणुकीचा समजावा.

बिल मुळातच कमी कसे येईल?

घरगुती दराचे टप्पे १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० व त्यापुढे असे आहेत. पहिल्या टप्प्याच्या तुलनेत दुसऱ्या टप्प्याचा दर दुपटीच्या आसपास जातो. म्हणून शंभरच्या आत राहणे हीच सर्वांत मोठी सवलत होय. साठ वॉटचा जुना दिवा रोज पाच तास लावल्यास महिन्याला ९ युनिट जळतात, तर नऊ वॉटच्या एलईडी दिव्याला दीड युनिटही लागत नाही. घरातील चार दिवे बदलल्यास तीस युनिट वाचतात. पंचाहत्तर वॉटचा पंखा रोज दहा तास फिरला तर महिन्याला साडेबावीस युनिट लागतात. तीस वॉटचा बीएलडीसी पंखा तेवढ्याच वेळात ९ युनिट घेतो. तो महाग असतो, तेव्हा जुना पंखा बिघडेल त्या वेळी त्याचा विचार करावा.

स्वयंपाकाचा गॅस

गॅसच्या बाबतीत अडचण उलटी आहे. येथे खात्यातून पैसे जात नाहीत, तर येतात. पण आधी पूर्ण किंमत मोजावी लागते आणि अनुदान मागाहून जमा होते. उज्ज्वला योजनेतील कुटुंबांना ऑक्टोबर २०२३ पासून १४.२ किलोच्या प्रत्येक सिलिंडरमागे ३०० रुपये अनुदान मंजूर झाले. २०२५-२६ या वर्षासाठी ते नऊ सिलिंडरपर्यंत मर्यादित करण्यात आले. एकदम मोठी रक्कम उभी करणे जड जाते म्हणूनच कित्येक घरांत शेगडी कोपऱ्यात राहते आणि चूल पऱ्हाटी-तुराट्यांवर पेटते. त्या धुराची किंमत घरातील माउली आपल्या डोळ्यांनी व छातीने चुकवीत असते.

अशा कुटुंबांनी पाच किलोच्या सिलिंडरची चौकशी वितरकाकडे अवश्य करावी. उज्ज्वलाच्या लाभार्थींना मोठ्याऐवजी अनुदानित लहान सिलिंडर घेण्याची मुभा आहे आणि अनुदानही त्या प्रमाणात मिळते. ओळखपत्रावर मिळणारा खुल्या विक्रीचा पाच किलोचा सिलिंडर निराळा. तो कारखान्याच्या तळावर सोयीचा असला तरी त्यावर अनुदान नाही. स्थलांतरित कुटुंबांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात त्यांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र देण्याची सवलत ठेवण्यात आली. गावचा कागद नाही म्हणून जोडणी नाही, असे त्यामुळे होऊ नये.

एक शंका आमच्या भगिनींच्या मनात वारंवार येते: अनुदानासाठी खाते क्रमांक व आधार दिले, तर कोणी त्यातून पैसे काढून घेईल काय? अनुदान जमा होण्यासाठी दिलेली माहिती म्हणजे कपातीची संमती नव्हे. त्या संमतीसाठी वेगळा अर्ज व सही, किंवा मोबाइलवरील वेगळी मंजुरी लागते. म्हणून कर्जाच्या वा अन्य कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी तो कोणाकडून तरी वाचून घ्यावा. पूर्वी दिलेली संमती बँकेत लेखी अर्ज करून रद्दही करता येते. मात्र त्यानंतर देणे वेळेवर भरण्याची जबाबदारी आपली राहते.

ज्यांच्याकडे चार-पाच जनावरे व पुरेसे पाणी आहे आणि घरातील कोणी ना कोणी बारमाही गावी असते, त्यांच्यासाठी दोन घनमीटरचे गोबर गॅस संयंत्र हा जुना पण भक्कम पर्याय आहे. त्यास रोज सुमारे पन्नास किलो शेण लागते. लहान कुटुंबाचा स्वयंपाक त्यावर भागतो आणि उरलेली मळी शेताला उत्तम खत होते.

सर्व घरांना एकच मार्ग लागू पडणार नाही. परंतु हंगाम सुरू होण्यापूर्वी, उचल हाती असताना, विजेचे बिल समोर ठेवून घरातील सर्वांनी एकदा हिशेब मांडावा. धर्मग्रामातील महिला मंडळांनी व शिकलेल्या तरुणांनी निघणाऱ्या कुटुंबांना आगाऊ भरण्याच्या कामी मदत करावी आणि त्यांच्या पावत्या जपून ठेवाव्यात. सहा महिने रानोमाळ खोपटात राहून परतणाऱ्या लेकरांना आपल्या घरातला दिवा लागलेला दिसावा, एवढे तर आपण सहज करू शकतो.