लांब पल्ला – लेखांक ५ : पहिली अल्ट्रा कोणती निवडावी?

लग्न ठरवताना डॉ. रवींद्र कोल्हे यांनी मुलीसाठी चार अटी घातल्या होत्या. पाच रुपयांतला नोंदणी विवाह, महिन्याला चारशे रुपयांत संसार, वेळ पडली तर दुसऱ्यांसाठी हात पसरण्याची तयारी आणि चाळीस किलोमीटर चालण्याची तयारी. शेवटची अट रस्त्यामुळे आली होती. १९८०च्या दशकात मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या बैरागडला, म्हणजे त्यांच्या दवाखान्याच्या गावी, पोचायचे तर तेवढे अंतर पायीच तोडावे लागे. नागपूरच्या डॉ. स्मिता यांना चारही अटी पटल्या. पुढे २०१९ साली दोघांना पद्मश्री मिळाली.

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. बैरागडची ती वाट त्याहून जेमतेम दोन किलोमीटरने कमी. मॅरेथॉनपेक्षा लांब असलेली कोणतीही शर्यत अल्ट्रा समजली जाते आणि प्रत्यक्षात ५० किलोमीटरपासून सुरुवात होते. मेळघाटातल्या माणसाला हा आकडा ऐकून घाम फुटायचे कारण नाही. पायी अंतर तोडणे इथे कालपरवापर्यंत रोजचेच होते. अडचण वेगळी आहे: शर्यत घड्याळावर चालते, आणि पहिल्यांदा उतरणारा बहुतेक वेळा अंतर बघून नाव नोंदवतो, घड्याळ बघायचे विसरतो.

हिशेब साधा आहे. ५० किलोमीटरला दहा तासांची मुदत असेल, तर किलोमीटरला बारा मिनिटे मिळतात. हा ताशी पाचचा वेग, म्हणजे भरभर चालण्याचा. सपाटीवर थोडे पळून, थोडे चालून, मध्ये थांबून खाऊनही तो जमतो. आता दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स घ्या. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या व्हिक क्लॅपहॅम याने मृत सोबत्यांच्या स्मरणार्थ ती सुरू केली. २४ मे १९२१ रोजी ३४ जण धावले आणि १६ जणांनी ती पूर्ण केली. डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमधले हे अंतर नव्वदच्या आसपास, म्हणजे साधारण परतवाड्याहून घाटांग, सेमाडोह, हरिसाल करत धारणी गाठण्याइतके. मुदत बारा तास. ताशी साडेसातचा वेग चढउतारांवर शेवटपर्यंत टिकवायचा तर चालून भागत नाही. बारा तास भरताच एक अधिकारी येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून बंदूक उडवतो, म्हणजे चार पावलांवर आलेल्याचा चेहरा बघून त्याचा हात अडखळू नये. महाराष्ट्रातून दरवर्षी बरेच जण तिथे जातात. पण ती पहिली अल्ट्रा नव्हे. आधी ठरलेल्या वेळेत मॅरेथॉन पूर्ण केल्याशिवाय आयोजकही प्रवेश देत नाहीत, आणि तो नियम योग्यच आहे.

मुदतीनंतर बघायचा तो महिना. पुण्या-मुंबईच्या धावपटूंना सल्ला देणारे लेख या मुद्द्यावर वऱ्हाडाच्या कामाचे नाहीत. मुंबईत शिवाजी पार्कला १५ ऑगस्टला बारा तासांची अल्ट्रा होते. नवख्यासाठी तिचा आराखडा फार सोयीचा: अंतराची सक्ती नाही, बारा तासांत जमेल तेवढे करायचे, फेऱ्या ठरलेल्या, खाणेपिणे हाताशी. पण ऑगस्टच्या शर्यतीची खरी तयारी मे-जूनमध्ये करावी लागते, आणि धारणी, अकोट, अकोला या पट्ट्यात तेव्हा पारा ४४-४५ अंशांवर असतो. उन्हाची सवय शरीराला दहा ते चौदा दिवसांत लागते हे खरे. तरी त्या उन्हात आठवड्याला साठ किलोमीटर पळणे म्हणजे सरावापेक्षा उष्माघाताचीच तयारी.

डिसेंबरमध्ये पुण्याजवळ सिंहगड, राजगड आणि तोरणा या तीन गडांना जोडणारी एसआरटी अल्ट्रा असते. तिचा सराव पावसाळ्यात आणि त्यानंतर होतो, हवा बरी असते. पण तोरण्याची उंची १,४०० मीटर आहे आणि वाट दगडांची, कड्यांची. तिथे ५० किलोमीटरला लागणारा वेळ सडकेवरच्या वेळेच्या दुपटीवरही जाऊ शकतो. ज्याने आधी मॅरेथॉनही केलेली नाही त्याने ही मोहीम एक वर्ष मागे ठेवावी.

उरते फेब्रुवारीतली लोणावळ्याची टाटा अल्ट्रा. ५० किलोमीटर, डांबरी सडक, चढउतार भरपूर, सुरुवात पहाटेच्या अंधारात. वऱ्हाडाच्या पंचांगात ती नेमकी बसते, कारण उलटे मोजले तर ऑक्टोबर ते जानेवारी हे वर्षातले सर्वांत सुखाचे चार महिने सरावाला मिळतात. एकच खोट आहे. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी आणि मग कापूस वेचणी येते. दिवसभर शेतात वाकलेल्या माणसाने संध्याकाळी वहीत लिहिलेले किलोमीटर पुरे करायचा हट्ट धरू नये. सोंगणीही श्रमच आहे आणि शरीर त्याचा हिशेब वेगळा ठेवत नाही.

सराव सुरू करताना २१ किलोमीटर आरामात पळता यायला हवेत. तिथून आठवड्याचे एकूण अंतर हळूहळू वाढवत साठ-सत्तरपर्यंत न्यावे, दर चौथा आठवडा हलका ठेवावा. शर्यतीआधी एकदा पूर्ण ५० करून बघण्याची हौस अनेकांना असते. ती टाळलेली बरी. सर्वांत लांब पळणे ३२ ते ३५ किलोमीटरचे पुरते, कारण त्यापुढे मिळणाऱ्या फायद्यापेक्षा दुखापत आणि थकवा जास्त महाग पडतो. त्याऐवजी लागोपाठ दोन दिवस वापरावेत: शनिवारी २५, रविवारी दमलेल्या पायांवर १५. शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करत न्यायचे.

चढासाठी लांब जायची गरज नाही. अचलपूर-परतवाडा समुद्रसपाटीपासून ३७० मीटरच्या आसपास आहे, चिखलदरा १,११८ मीटरवर. साधारण तीस किलोमीटरच्या घाटात साडेसातशे मीटरची चढण मिळते. या घाटात दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली म्हणजे चढावर लाज न बाळगता चालणे; जगातले नामवंत अल्ट्रा धावपटूही खड्या चढावर चालतात. दुसरी, उतार. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार तोलतात, त्यांचे सूक्ष्म तंतू दुखावतात आणि दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचते. पण एकदा असे दुखून गेले की पुढचे काही आठवडे तेच स्नायू तेवढ्याच उताराला सहज तोंड देतात. म्हणून शर्यतीच्या महिनाभर आधी उताराचा एक चांगला दिवस घ्यावा. शेवटच्या आठवड्यात मात्र अजिबात नाही.

मेळघाटात वेळही जपावी लागते. १९७४ पासून हे व्याघ्र क्षेत्र आहे, गाभा भागात परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. बाहेरच्या रस्त्यांवर वाघापेक्षा अस्वलाची धास्ती अधिक. मोहफुले गळण्याच्या दिवसांत, मार्च-एप्रिलच्या पहाटे, ते आणि माणूस एकाच झाडाखाली येतात. पूर्ण उजाडल्यावर, वस्तीच्या सडकेने आणि जोडीने पळावे.

आता खाणे. पहिल्या अल्ट्रात माणूस पायांपेक्षा पोटाने जास्त हरतो. पळताना वजनाच्या दर किलोमागे दर किलोमीटरला सुमारे एक किलोकॅलरी खर्च होते. साठ किलोच्या माणसाला ५० किलोमीटरसाठी तीन हजार लागणार. स्नायू आणि यकृतातली साखरेची साठवण चार-पाचशे ग्रॅमची, म्हणजे सोळाशे ते दोन हजारांची. चरबीतून काही भागते, पण ती संथ जळते. त्यामुळे तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायलाच हवीत, तीही पहिल्या तासापासून, भूक लागायच्या आधी. शहरात यासाठी महागडी जेलची पाकिटे मिळतात. एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात, गुळाच्या पंधरा ग्रॅमच्या खड्यात चौदा. मीठ लावलेला उकडलेला बटाटा, राजगिऱ्याचा लाडू, ज्वारीची पातळ खारट आंबील हे सगळे चालते. ठेचा-भाकर मात्र शर्यत संपल्यावरच. तिखट आणि कोंडा घेऊन पळणाऱ्याला पस्तिसाव्या किलोमीटरला झुडूप शोधावे लागते. जे शर्यतीत खायचे ते सरावात खाऊन बघावे. पळता पळता पचवण्याची सवय आतड्यालाही लावावी लागते. कॅफिनचा उपयोग होतो हे सिद्ध आहे, आणि चिखलदऱ्याला स्वतःची कॉफी पिकते हा योगायोग चहाबाजांनी निमूट मान्य करावा.

पाण्याबाबत जुना सल्ला होता: तहान लागण्याआधी प्या, जमेल तितके प्या. १९८१च्या कॉम्रेड्समध्ये एक स्त्री धावपटू अतिपाण्याने बेशुद्ध पडली. रक्तातले सोडियम पातळ झाले होते. डॉ. टिम नोक्स यांनी अशा घटनांचा माग काढला आणि तहानेप्रमाणे प्यावे हा सल्ला रुजत गेला. लांब पळण्याआधी आणि नंतर वजन करून बघावे. वजन वाढलेले निघाले, तर पाणी जास्त झाले.

गुडघा दुखू नये म्हणून सकाळीच आयबुप्रोफेन घेण्याची खोड फार पसरली आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८० किलोमीटर धावणाऱ्यांपैकी ही गोळी घेतलेल्या ५२ टक्क्यांच्या मूत्रपिंडांना तात्पुरती इजा दिसली. नकली गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण ३४ टक्के होते. गोळी घरीच ठेवावी. रक्तदाब, मधुमेह किंवा छातीचे दुखणे असलेल्यांनी नाव नोंदवण्याआधी डॉक्टरांना भेटावे.

बुटांबद्दल थोडक्यात. एप्रिल २०१७ मध्ये मेक्सिकोतली बावीस वर्षांची रारामुरी तरुणी लोरेना रामिरेझ हिने घागरा आणि साध्या चपलांवर ५० किलोमीटरची स्त्रियांची शर्यत जिंकली. मूळच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या लता करे यांनी २०१३ साली बारामतीत, पतीच्या तपासण्यांच्या खर्चासाठी, नऊवारीत आणि अनवाणी धावून ज्येष्ठांची तीन किलोमीटरची शर्यत जिंकली. या कथा सांगून अनवाणी पळण्याचा उपदेश करणाऱ्यांपासून सावध राहावे. लताबाईंच्या पायांत बूट नव्हते ते परवडत नव्हते म्हणून. शर्यतीच्या बुटांत आधी शंभरेक किलोमीटर झालेले असावेत, इतके पाळले तरी पुष्कळ.

शेवटी आयोजक. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारा, पाऊस आणि वादळी वारा आला. पारा कोसळला, आणि गारठून २१ धावपटू मेले. उबदार जॅकेट सोबत ठेवण्याची सक्ती नव्हती, आणि चढावरच्या दुर्गम टप्प्यात मदत पोचायला फार वेळ लागला. म्हणून पैसे भरण्याआधी फोन करून विचारावे: दर किती किलोमीटरवर पाणी-खाणे आहे? डॉक्टर आणि रुग्णवाहिका कुठे उभी असते? मधल्या मुदती कोणत्या? तिसाव्या किलोमीटरला पाय थांबले तर उचलायला गाडी येते की माणसाने स्वतः चालत परतायचे? उत्तरे गोलमोल आली, तर तेवढ्याच पैशांत बडनेऱ्याहून पुण्याची जाण्या-येण्याची तिकिटे काढून दुसऱ्या शर्यतीला जावे. जाताना एक दिवस आधी पोचावे; रात्रभर गाडीत बसून थेट स्टार्टला उभे राहू नये.

(पुढील आठवड्यात : अंधारातले पळणे, झोप आणि हेडलॅम्प)