आधी कागदावर, मग रुळांवर!

दोस्तांनो, सुट्टीत गावाला जायचं ठरलं की घरात काय धांदल उडते, माहीत आहे ना? आरक्षण मिळालं का, डबा कोण करणार, पाण्याच्या बाटल्या भरल्या का... एका रात्रीच्या प्रवासासाठी एवढा खटाटोप! आता कल्पना करा, प्रवास पाच रात्रींचा आहे, वाटेत तीन देश आहेत आणि गाडी चुकली तर पुढची थेट आठवड्यानं. असा प्रवास आखायचा कसा?

चला, आज कागदावर आखून बघू. नकाशाचं पुस्तक आणि पेन्सिल घ्या. आपला मार्ग आहे चीनच्या बीजिंगपासून मंगोलियातून रशियाच्या मॉस्कोपर्यंत. अंतर ७,८२६ किलोमीटर, म्हणजे मुंबई ते नागपूर हे रेल्वेचं अंतर नऊ वेळा कापलं तरी थोडं उरेलच! ही थेट गाडी बुधवारी सकाळी बीजिंगहून सुटायची आणि सोमवारी दुपारी मॉस्कोला पोचायची. २०२० मध्ये करोनाच्या साथीत ती थांबली. पण प्रवास आखायला शिकायचं, तर तिच्याइतकी चांगली मास्तरीण दुसरी नाही!

पहिला प्रश्न : रूळ किती रुंद?

चीनमध्ये दोन रुळांमधलं अंतर असतं १,४३५ मिलिमीटर. मंगोलिया आणि रशियात ते आहे १,५२० मिलिमीटर. फरक फक्त ८५ मिलिमीटरचा, तुमच्या तळहाताच्या रुंदीएवढा. पण तेवढ्यामुळे चीनची गाडी पुढे जाऊच शकत नाही!

मग करायचं काय? सरहद्दीवरच्या एरलियन गावात डबे एकेक करून मोठ्या शेडमध्ये नेत. तिथे यंत्रांच्या जोरावर अख्खा डबा उचलला जाई, खालची चाकं काढून दुसरी बसवली जात आणि गाडी पुढे निघे. आपण डब्यालाच ‘बोगी’ म्हणतो, पण रेल्वेच्या कारखान्यात बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा, बरं का! तर या बोग्या बदलायला आणि पासपोर्ट तपासायला काही तास जात. गंमत म्हणजे सरहद्दीवर गाडी उभी असताना स्वच्छतागृहांना कुलूप असे. तेव्हा आखणी करणाऱ्यानं वहीत पहिली सूचना लिहायची : ‘सरहद्द येण्याआधी जाऊन येणे!’

आपल्याकडचे रूळ तर आणखी वेगळे. भारतातल्या ब्रॉडगेजची रुंदी १,६७६ मिलिमीटर आणि माथेरानच्या झुकझुक गाडीची अवघी ६१० मिलिमीटर.

दुसरा प्रश्न : घड्याळ कुणाचं?

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेकडच्या गावांत सूर्य आधी उगवतो. बीजिंगमध्ये दुपारचे तीन वाजतात, तेव्हा मॉस्कोत सकाळचे दहाच वाजलेले असतात.

रशियात एक गोष्ट डोकं चक्रावून टाकणारी होती. देशभरातल्या रेल्वेच्या तिकिटांवर मॉस्कोचीच वेळ छापत. म्हणजे सैबेरियातल्या इर्कुत्स्क स्टेशनवर तिकिटावरची दहाची गाडी पकडायची, तर गावातल्या घड्याळाप्रमाणे दुपारी तीनला पोचायचं. उलटं समजून कुणी सकाळी दहाला गेला, तर पाच तास नुसता बसून राही! १ ऑगस्ट २०१८ पासून तिथल्या तिकिटांवर स्थानिक वेळ छापली जाऊ लागली.

आता एक गणित. बुधवारी सकाळी ११ ला बीजिंग सोडलं आणि सोमवारी दुपारी २ ला मॉस्को आलं. प्रवास किती तासांचा? १२३ असं उत्तर आलं असेल, तर थांबा! घड्याळ पाच तास मागे केलं होतं ना? म्हणून १२८ तास. आता अंतराला तासांनी भागा. गाडीचा वेग ताशी साधारण ६१ किलोमीटर येतो.

तिसरा प्रश्न : दारं कधी उघडणार?

प्रत्येक देशात शिरायला परवानगी लागते, तिला म्हणतात व्हिसा. त्यावर तारखा असतात. ठरलेल्या तारखेच्या आधी आत येता येत नाही आणि मुदत संपल्यावर राहता येत नाही. म्हणून जाणकार प्रवासी आखणी शेवटापासून सुरू करतात. मॉस्कोला कधी पोचायचं, त्यासाठी रशियात कधी शिरायचं, त्यासाठी मंगोलिया कधी सोडायचा, असं एकेक पाऊल मागे यायचं. मंगोलियाची राजधानी उलानबातर इथे उतरून चार दिवस राहावंसं वाटलं, तर पुढचं तिकीट वेगळं काढायचं आणि पुढच्या सगळ्या तारखा बदलायच्या. एक मणी सरकला की अख्खी माळ सरकते! म्हणूनच मध्ये एखादा दिवस मोकळा ठेवलेला बरा.

पिशवीत काय, खिडकीत काय?

जेवणाचा डबा देशागणिक बदलत असे. चीनमध्ये चिनी, मंगोलियात मंगोलियन, रशियात रशियन. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा बंब असे. त्यामुळे मग, चहाची पूड आणि गरम पाण्यात भिजणारा खाऊ जवळ असला की काम झालं.

आणि खिडकी? तिचीसुद्धा आखणी करायची! गोबीच्या वाळवंटानंतर रशियात बैकल सरोवर लागतं. मॉस्कोकडे जाताना ते उजव्या हाताला असतं. हे जगातलं सर्वांत खोल सरोवर, १,६४२ मीटर. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच. तेवढ्या उंचीचा डोंगर बैकलच्या तळाशी ठेवला, तर पाण्यावर उरतील जेमतेम चार मीटर! म्हणून वेळापत्रकात बघून ठेवायचं, बैकल दिवसा येतंय की रात्री.

पुढे उरल पर्वतात मॉस्को १,७७७ किलोमीटरवर असताना रुळांशेजारी एक छोटा स्तंभ दिसतो. तो आला की आशिया संपला आणि युरोप सुरू झाला!

शेवटचा प्रश्न, पण सर्वांत मोठा

२०२० च्या मार्चपर्यंत मॉस्कोहून बर्लिनला आणि पॅरिसलाही थेट गाडी मिळत असे. आधी ती साथीमुळे बंद झाली. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि ती पुन्हा सुरू होण्याची आशाच मावळली. रशियाच्या सेंट पीटर्सबर्गहून फिनलंडच्या हेलसिंकीला जाणारी गाडीही २७ मार्च २०२२ ला शेवटची धावली.

आपल्या घराजवळचं उदाहरण बघा. मुंबईपासून अटारीपर्यंत रूळ आहेत. तिथून लाहोर, क्वेट्टा आणि इराणमधल्या झाहेदानपर्यंतही आपल्याइतकेच रुंद रूळ आहेत. २००९ मध्ये झाहेदान इराणच्या बाकीच्या रेल्वेशी जोडलं गेलं. तुर्कस्तानात वान सरोवर बोटीनं ओलांडायचं, की पुढे पुन्हा रूळ. इस्तंबूलला तर २०१३ पासून रेल्वे समुद्राखालच्या बोगद्यातून आशियातून युरोपात जाते. म्हणजे नकाशावर मुंबईहून युरोपात जाता येतं! पण भारत आणि पाकिस्तान यांना जोडणारी, १९७६ मध्ये सुरू झालेली समझोता एक्स्प्रेस ऑगस्ट २०१९ मध्ये बंद पडली. मार्गाची पहिलीच कडी तुटली.

रूळ टाकतात इंजिनिअर आणि मजूर, पण त्यावरून माणसं जाणार की नाही, हे ठरतं शेजारी एकमेकांशी कसे वागतात यावर. चाकं बदलायला काही तास पुरतात, मनं बदलायला मात्र वर्षं लागतात.

म्हणून काय नकाशा मिटून ठेवायचा? छे! या रविवारी आईबाबांना सोबत घ्या आणि तुमचा स्वतःचा मार्ग आखा. प्रत्येक सरहद्दीवर चार गोष्टी लिहा : रुळांची रुंदी, घड्याळातला फरक, व्हिसा आणि आज तिथून गाडी जाते की नाही. जिथे ‘नाही’ लिहावं लागेल, तिथे का, हेही शोधा. बंद फाटकं कधीतरी उघडतातच. तेव्हा तुमची आखणी तयार असू द्या!