'एनलाइटनमेंट' म्हणजे नुसता उजेड नव्हे

शाळेत इंग्रजी शिकणारी मुले घरी विचारतात, "बुद्धाला एनलाइटनमेंट मिळाले, म्हणजे काय मिळाले?" कित्येक घरांत तसबिरीतील तेजोवलयाकडे बोट दाखवून सांगितले जाते, "प्रकाश मिळाला." मग लेकराला वाटते, आभाळातून एखादा किरण आला आणि चमत्कार झाला! म्हणून या शब्दाची ओळख करून द्यावी असे आम्हाला वाटते.

या शब्दाच्या पोटात 'लाइट' म्हणजे उजेड आहे. 'एनलाइटन' म्हणजे उजेड पाडणे. त्यावरून अज्ञान घालवणे. १८ व्या शतकात युरोपात विवेकाला मोठे मानणारी वैचारिक चळवळ झाली, तिलाही हेच नाव पडले. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८४ साली तिच्यावर निबंध लिहिला. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी न पिता स्वतःच्या बुद्धीने विचार करण्याचे धैर्य धरावे, असा त्याचा रोख होता. पुढे १९ व्या शतकात युरोपीय पंडितांच्या लेखनातून 'बोधी'साठी हा शब्द रूढ होत गेला.

मूळ 'बोधी' शब्दात मात्र प्रकाश नाही. 'बुध्' म्हणजे जागे होणे, जाणणे. बुद्ध म्हणजे जागा झालेला!

याची साक्ष आपल्या भंडारा जिल्ह्यातच आहे. पवनीला १९६९-७० साली उत्खनन होऊन प्राचीन स्तूपाचे अवशेष उजेडात आले. पवनीच्याच एका शिल्पस्तंभावर मुचलिंद नाग कोरलेला आहे आणि बुद्धाच्या जागी रिकामे आसन आहे. ना मूर्ती, ना तेजोवलय. तेजोवलये पुढच्या काळातील मूर्तींना आली.

बाबासाहेबांनीही 'एनलाइटनमेंट' हाच शब्द वापरला. पण १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी तो कसा उलगडला? चाळीस दिवस पुरेल एवढे अन्न जवळ ठेवून गौतम बसले. चार आठवडे चिंतन केले. त्या चिंतनाची पहिली पायरी तर्क आणि शोध ही होती. प्रश्न दोन होते: जगात दुःख आहे, ते दूर कसे करावे?

तेव्हा मायबापहो, मुलाने विचारले तर सांगा, तो उजेड कोणी दिला नव्हता, विचार करून मिळवला होता. आणि "असे का?" म्हणून विचारणाऱ्या लेकराला कधी गप्प बसवू नका.