विनोदी मोटार-परीक्षणातील सत्यकथन

मोटारीचे परीक्षण हा मूलतः साक्षीचा प्रकार होय. परीक्षक गाडी प्रत्यक्ष चालवितो आणि जे अनुभवास आले ते, ज्याने ती चालविलेली नाही अशा ग्राहकास सांगतो. परीक्षणास करमणुकीचे रूप आले म्हणजे या साक्षीचे काय होते, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या दृष्टीने विचारार्ह आहे. ब्रिटनमधील बीबीसीचा ‘टॉप गिअर’ हा कार्यक्रम त्याचे उत्तम उदाहरण म्हणून घेता येईल. १९७७ साली माहितीपर स्वरूपात सुरू झालेला हा कार्यक्रम २००२ साली नव्या थाटात अवतरला, आणि २०१५ पर्यंत जेरेमी क्लार्कसन हे त्याचे प्रमुख निवेदक होते.

विनोद हा सत्यकथनाचा शत्रूच होय, असे प्रथमदर्शनी वाटणे साहजिक आहे; परंतु ते बरोबर नाही. गंभीर परीक्षणाची भाषा पुष्कळदा संकोचाने ग्रासलेली असते. चाचणीसाठी गाडी निर्मात्याकडून यावयाची, नियतकालिकास जाहिरातीही त्याच्याच मिळावयाच्या. मग हाडे खिळखिळी करणाऱ्या गाडीचे वर्णन ‘बैठक किंचित कठीण’ अशा सौम्य शब्दांत होते. येथे एकही शब्द खोटा नाही, तरी वाचकाच्या पदरी सत्य पडत नाही. याउलट अशा गाडीत बसल्यावर आपली उंची दोन इंचांनी कमी झाली असे विनोदी परीक्षक म्हणेल, तर वाच्यार्थाने ते असत्य असूनही वाचकास जे कळावयास हवे ते कळते.

हे कसे घडते, याचा उलगडा आपल्या साहित्यशास्त्रात मिळतो. लक्षणेची पहिली अट मुख्यार्थबाध ही होय. शब्दांचा सरळ अर्थ जुळत नाही असे ध्यानी आल्यावरच श्रोता दुसऱ्या अर्थाकडे वळतो. उंची घटल्याचे विधान ऐकताच मुख्यार्थ बाधित होतो आणि गाडी फार आदळते, हा लक्ष्यार्थ शिल्लक राहतो. अतिशयोक्ती आपण अतिशयोक्ती आहोत हे स्वतःच जाहीर करते. म्हणूनच तिने कोणाची फसवणूक होत नाही.

अडचण उद्भवते ती मुख्यार्थबाध न होणाऱ्या कथनात. १९७३ साली बाजारात आलेली ‘रिलायंट रॉबिन’ ही पुढे एकच चाक असलेली ब्रिटिश मोटार २०१० सालच्या एका भागात वळणावळणावर कलंडताना दाखविण्यात आली. प्रेक्षक पोट धरून हसले. पुढे २०१६ साली क्लार्कसन यांनीच वृत्तपत्रातील लेखात सांगितले की, गाडी सहज उलटावी म्हणून तिच्या यंत्रणेत मुद्दाम फेरफार करविला होता. तीन चाकांची गाडी कलंडणे असंभाव्य नसल्याने प्रेक्षकाच्या मनात बाध उत्पन्न होण्याचे कारणच नव्हते. त्याने दृश्य मुख्यार्थाने घेतले आणि गाडीविषयी एक समजूत करून घेतली.

याहून सूक्ष्म प्रकरण ‘टेस्ला रोडस्टर’ या विजेवर चालणाऱ्या गाडीचे आहे. डिसेंबर २००८ मध्ये प्रक्षेपित झालेल्या भागात निवेदकाने सांगितले की, आमच्या धावपट्टीवर ही गाडी ५५ मैलांनंतर बंद पडेल असा हिशोब निघतो. निर्मात्याचा दावा सुमारे २०० मैलांचा होता. पाठोपाठ गाडी ढकलीत नेत असल्याचे दृश्य आले. प्रत्यक्षात गाडीतील वीज संपली नव्हती, असे निर्मात्याचे म्हणणे. तर ती संपली असे आपण कोठेही म्हटले नाही, ही कार्यक्रमाची बाजू. २०११ साली कंपनीने बदनामी व द्वेषमूलक असत्यकथन यांबद्दल दावा लावला. धावपट्टीवरील बेफाम वेग आणि रस्त्यावरील नित्याचा वापर यांतील फरक कोणताही समंजस प्रेक्षक ओळखील, असे उच्च न्यायालयाचे मत पडले. मार्च २०१३ मध्ये अपील न्यायालयानेही कंपनीचे अपील फेटाळले.

न्यायालयापुढील प्रश्न कायद्याचा होता. भाषेचा प्रश्न त्याने संपत नाही. निवेदकाचे वाक्य संकेतार्थी होते: अमुक अंतर कापले तर तमुक घडेल. परंतु चित्राला संकेतार्थाचे रूप नाही. ढकलली जाणारी गाडी पडद्यावर दिसते ती स्वार्थातच, म्हणजे ‘ढकलली जात आहे’ अशी. वाक्यातील ‘तर’ कानावरून निसटून जातो आणि दृश्य स्मरणात राहते. सुटे पाहता प्रत्येक वाक्य निर्दोष असूनही त्यांच्या जुळणीतून निघणारा व्यंग्यार्थ वस्तुस्थितीस सोडून असू शकतो, तो असा.

यावरून एक कसोटी सुचते. हसू ओसरल्यानंतर गाडीविषयी कोणती समजूत मागे उरते, आणि पडद्यामागील सर्व हकीकत कळल्यावरही ती टिकते काय, हे पाहावे. उंची घटल्याच्या विनोदामागील समजूत टिकते. मुद्दाम उलटविलेल्या गाडीविषयीची टिकत नाही. विनोदाला मुभा आहे ती शब्द फुगविण्याची, पुरावा घडविण्याची नव्हे. ही मर्यादा सांभाळणारा विनोदी परीक्षक गुळमुळीत गंभीर परीक्षकापेक्षा ग्राहकाशी अधिक प्रामाणिक असू शकतो. ती ओलांडणारा मात्र प्रेक्षकाच्या ज्या विश्वासावर त्याचा विनोद उभा असतो, तोच खर्ची घालतो. आणि त्याची किंमत गाडी विकत घेणाऱ्यास किंवा ती बनविणाऱ्यास मोजावी लागते.