रडणे थांबल्यानंतरचे वसतिगृह

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात आणि त्याच्या आसपासच्या तालुक्यांत अनेक लहान मुले घराबाहेर राहून शिकतात, पण त्यामागची कारणे एकसारखी नाहीत. आई-वडील दोघेही कारखान्यांतील पाळ्यांना जुंपलेले असल्याने काही कुटुंबे शुल्क भरून मुलांना निवासी शाळेत ठेवतात. खेड, आंबेगाव आणि जुन्नर या तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागातील महादेव कोळी, ठाकर व कातकरी कुटुंबांची मुले आश्रमशाळांत, म्हणजे शाळा आणि निवास एकाच आवारात असलेल्या शासकीय वा अनुदानित संस्थांत, दाखल होतात, आणि या भागातील शासकीय आश्रमशाळांचा कारभार आदिवासी विकास विभागाच्या घोडेगाव येथील प्रकल्प कार्यालयातून चालतो. चिंचवडगावात पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् ही निवासी संस्था आहे, तेथे भटक्या-विमुक्त जमातींची, त्यातही पारधी समाजाची, मुले-मुली राहून शिकतात. कारणे निराळी असली तरी मध्यरात्री दचकून जाग आलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलाजवळ ओळखीचे मोठे माणूस असते की नसते, या एका प्रश्नावर या सर्व संस्थांची परीक्षा होते.

महाराष्ट्राला वसतिगृहे नवी नाहीत. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि पुढच्या काळात तेथे जवळपास प्रत्येक समाजाचे वसतिगृह उभे राहिले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेल्या आणि महात्मा गांधींच्या हस्ते १९२७ साली छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव मिळालेल्या वसतिगृहाने सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवले. या इतिहासात संस्थापकांचे कर्तृत्व ठळकपणे सांगितले जाते, पण मुलांच्या रोजच्या जगण्याचा भार कोणी वाहिला हे क्वचितच विचारले जाते. साताऱ्यात तो भार भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी वाहिला, मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रही मोडले आणि १९३० साली त्यांचे निधन झाले. ही हकीकत त्यागाची कथा म्हणून इतक्या वेळा सांगितली गेली आहे, की वसतिगृहाला केवळ व्यवस्थापक पुरत नाही, मुलांचे दुखले-खुपले पाहणारे माणूसही लागते, ही त्यातली व्यवहाराची बाजू मागे पडली.

लहान मूल घरापासून तुटले म्हणजे त्याचे काय होते, याचा पद्धतशीर अभ्यास दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये झाला. जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञाने मुलाचे ठरावीक माणसांशी जडणारे भावनिक नाते अभ्यासाचा विषय केले, तर त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकट्या ठेवलेल्या बालकांचे निरीक्षण करून १९५२ साली एका दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट काढला. मूल प्रथम आक्रोश करते, नंतर खचून गप्प होते आणि शेवटी अलिप्त होते, असे तीन टप्पे या निरीक्षणांतून पुढे आले. परिचारिका तिसऱ्या टप्प्यातील मुलाला ‘रुळलेले’ समजत, कारण ते रडत नसे, जेवत असे आणि कोणाच्याही कडेवर जात असे. रॉबर्टसन यांची निरीक्षणे शाळेच्या वयाआधीच्या अगदी लहान मुलांची होती, त्यामुळे ती पहिली-दुसरीच्या मुलांना जशीच्या तशी लावता येणार नाहीत, कारण या वयाच्या मुलाला दिवाळीची सुटी कधी येणार हे कळते आणि त्याला मित्रही मिळतात. मोठ्यांकडून होणारी चूक मात्र दोन्हीकडे तीच असते. जून महिन्यात रडणाऱ्या मुलाकडे सगळ्यांचे लक्ष असते, पण ऑगस्टमध्ये जे मूल कशाचीच मागणी करत नाही, पालकभेटीच्या दिवशी आई आली तरी जागचे हलत नाही, त्याला शहाणे म्हणून मोकळे सोडले जाते.

पारधी किंवा कातकरी मुलाच्या बाबतीत या गप्प बसण्यात भाषेचीही भर पडते. पारध्यांची बोली गुजरातीच्या वळणाची आहे आणि शाळेची मराठी तिच्यापासून बरीच दूर पडते, त्यामुळे पोटात दुखते आहे की भीती वाटते आहे, एवढे सांगण्यापुरतेही शब्द मुलाजवळ सुरुवातीला नसतात. त्यात ब्रिटिशकालीन गुन्हेगार जमाती कायद्याने या समाजांवर मारलेला शिक्का कायदा १९५२ साली रद्द झाल्यावरही पुसला गेला नाही आणि वर्गात पेन्सिल हरवली की संशयाची नजर आधी याच मुलाकडे वळते. या शिक्क्याला उत्तर देण्याचा एक प्रयत्न चिंचवडच्या गुरुकुलम् संस्थेत दिसतो, ती क्रांतिवीर चापेकर स्मारक समिती चालवते. सामाजिक कार्यकर्ते गिरीश प्रभुणे यांनी भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठीच्या, तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी प्रकल्पाच्या अनुभवानंतर तिची उभारणी केली. पारंपरिक कारागिरीला तेथील शिक्षणात स्थान आहे. समाजाच्या अंगी असलेले कौशल्य लपवण्याची गोष्ट नव्हे, असे मुलाला रोजच्या कामातून कळणे, हाही संगोपनाचाच भाग मानायला हवा, मग त्या शिक्षणपद्धतीविषयी इतर मतभेद कितीही असोत.

संगोपनाची खरी कसोटी मात्र अगदी साध्या बाबींत लागते. खरूज ही वसतिगृहांची जुनी सोबत आहे. सूक्ष्म किडा त्वचेखाली बीळ करतो, खाज रात्री वाढते आणि झोप न झालेले मूल सकाळी वर्गात पेंगते म्हणून ‘आळशी’ ठरते. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला दोन ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणूनच शेजारच्या गादीवरचे निरोगी दिसणारे मूलही बाधित असू शकते आणि खाजवणाऱ्या एकट्या मुलाला मलम देऊन उपयोग होत नाही. खोलीतील सर्वांना एकाच रात्री मलम लावावे लागते, चादरी आणि कपडे गरम पाण्यात धुवावे लागतात आणि बहुधा आठवड्याने हाच सोपस्कार पुन्हा करावा लागतो. पाण्याची टंचाई असेल आणि मुलांकडे बदलायला दुसरी चादर नसेल, तर औषध असूनही खरूज हटत नाही.

अंथरूण ओले होण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. सात वर्षांच्या मुलांपैकी साधारण ५ ते १० टक्के मुलांचे अंथरूण रात्री ओले होते, म्हणजे या वयाच्या चाळीस मुलांच्या खोलीत दोन ते चार मुले या संकटात असतात. त्यांना शिक्षा केल्याने काहीच सुधारत नाही. झोपण्यापूर्वी शौचालयात पाठवणे, वाटेवर दिवा चालू ठेवणे, पत्र्याच्या पेटीत कपड्यांचा जादा जोड असणे आणि इतर मुले उठण्यापूर्वी कोणीतरी निमूटपणे चादर बदलणे, एवढे केले तरी पुष्कळ साधते. जे मूल कित्येक महिने कोरडे राहत होते आणि अचानक पुन्हा अंथरूण ओले करू लागले, त्याच्याकडे अधिक बारकाईने पाहावे लागते, कारण त्यामागे आजार, ताण किंवा कोणीतरी दिलेला त्रास असू शकतो.

हे पाहणार कोण? आश्रमशाळेत त्यासाठी अधीक्षक आणि अधीक्षिका ही पदे आहेत, शासकीय वसतिगृहात गृहपाल असतो. प्रत्यक्षात त्यांचा दिवस हजेरीपट, शिधासाठ्याची नोंद, गॅस, पाण्याची मोटर आणि वरिष्ठांना पाठवायची माहिती यांत जातो. तपासणीला आलेला अधिकारी साठा नोंदवही मागतो, पण मागच्या महिन्यात कोणत्या मुलाचे वजन घटले हे विचारीलच असे नाही. गृहपाल हा जणू कोठारप्रमुख, अशीच या पदाची घडण होत गेली आहे.

मोठ्या विद्यार्थ्यांना निदान आवाज असतो. भोजनाऐवजी खात्यात पैसे देण्याच्या धोरणाविरुद्ध जुलै २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतील विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. दुसरीतल्या मुलाला मोर्चा काढता येत नाही, आणि भिंतीवरच्या तक्रारपेटीत टाकायची चिठ्ठीही नीट लिहिता येत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याने, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याने, असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळेल त्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचे बंधन घातले आहे, आणि वसतिगृहाची अब्रू जाईल म्हणून प्रकरण आवारातच मिटवणे हाही त्या कायद्याखाली अपराध ठरतो. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक भिंतीवर लावलेला असला, तरी मुलाच्या हाती फोन नसेल तर त्याचा फायदा मर्यादित राहतो.

लहान मूल बोलते ते बहुधा पदाने मोठ्या माणसाशी नव्हे, तर ताटात भाकरी वाढणाऱ्या स्वयंपाकिणीशी किंवा आंघोळीचे पाणी काढून देणाऱ्या कामाठी मावशीशी. कोणी दोन दिवस भाजीला हात लावला नाही, कोण संध्याकाळी अमुक एका खोलीत जायला कुरकुरतो, हे तिला अधीक्षकांच्या आधी ठाऊक असते. तरीही मुलांच्या आरोग्याच्या आढाव्याला तिला बोलावले जात नाही, बालहक्कांच्या प्रशिक्षणात तिचे नाव सहसा नसते आणि तिचे पद रिक्त झाले की रोजंदारीवर कोणालाही आणले जाते. मुलांविषयीच्या बैठकीत तिला बसायला खुर्ची देणे आणि तिने सांगितलेले इतिवृत्तात नोंदवणे, यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही. मुख्याध्यापकांच्या एका सूचनेने ते पुढच्या आठवड्यापासून सुरू होऊ शकते.