खोडव्याच्या रानातून एका बैठकीपर्यंत



या अंकात खोडवा व्यवस्थापनावर लिहायचे ठरले होते. बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट जाळू नका, खत पहारीने द्या, हे दरवर्षी सांगतो, पुढच्या अंकी पुन्हा सांगूच. पण मागे एका सभासदाच्या रानात उभा राहिलो तेव्हा मला खताचे बोलताच आले नाही. तोडणी होऊन दीड महिना झालेला. बुडखे वीतभर उंच तसेच, पाचट पेटवून दिलेले, पाण्याचा पत्ता नाही. वहिनी बांधावर आल्या. म्हणाल्या, "साहेब, खताची चिठ्ठी नगं. बिल ब्यांकेत आलं की आठ-आठ दिस माणूस घरात नसतंय. त्यावर काय औषध असंल तर सांगा."

हुमणी असती तर सांगितले असते. पदविकेला हे शिकवत नाहीत.

एक गोष्ट आपणच कबूल केली पाहिजे. उसाच्या मळीपासूनच स्पिरिट होते. टनाला साधारण सव्वादोनशे ते अडीचशे लिटर. आता त्यातले पुष्कळसे इथेनॉल होऊन पेट्रोलात जाते, तरी बाटलीत जाणारेही आपल्याच धंद्यातून निघते. म्हणून हा विषय ऊस विकासाबाहेरचा आहे, असे मला वाटत नाही. कोणी म्हणोत.

आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे माळ घालणे. कित्येकांची दारू माळेनेच सुटली, हे मी पाहिले आहे. या गृहस्थांनीही दोनदा घातली. दुसऱ्यांदा कार्तिकीपर्यंत टिकली. मग वहिनींनी देवापुढे शपथ घ्यायला लावली आणि बाटली लपवून ठेवली. इथे डॉक्टरांनी आम्हाला खडसावले. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद केली, तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, फिट येते, भास होतात, वेळेला जीवही जातो. आधी दवाखाना. त्याप्रमाणे सरकारी रुग्णालयात दाखल केले. सुटका होताना तिथल्याच डॉक्टरांनी सांगितले, "दारू उतरवली आम्ही, पण ती पुन्हा चढू नये हे काम आमचे नाही. बैठकीला न्या."

ही बैठक म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे सर्जन, दोघेही दारूने पोळलेले, एकमेकांशी बोलत बसले, त्यातून ती निघाली. आपल्या देशात १९५७ साली आली. पुण्याचे मुक्तांगण वेगळे. ते १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी उभे केलेले, तिथे राहून उपचार होतात. बैठकीला फक्त जायचे, बसायचे, परत यायचे.

"मी येतो, पर तुमी संगं पायजे," ते म्हणाले. काही बैठका खुल्या असतात, पिणारा नसला तरी बसता येते. तशा एका शनिवारी मोटारसायकलवर तालुक्याला गेलो. शाळेची खोली, चौथीचे बाक, वीसेक माणसे. एक एसटी ड्रायव्हर, एक मास्तर, एक आडत्या. हजेरीपट नाही, फी नाही. प्रत्येक जण पहिले नाव सांगतो, "मी मद्यपी आहे" म्हणतो आणि स्वतःचे बोलतो. दुसऱ्याला कोणी शहाणपण शिकवत नाही. आम्हा अधिकाऱ्यांना ही सवय नाही. मला दोन-तीनदा तोंड आवरावे लागले. आमचे गृहस्थ दारालगत, चपला पायातच ठेवून बसले. एका म्हाताऱ्याने बैलजोडी विकून महिनाभर प्यायल्याचे सांगितले, तेव्हा यांची मान खाली गेली. परतताना पुलावर म्हणाले, "साहेब, माझीच गोष्ट त्या म्हाताऱ्याला कुणी सांगितली?"

तिसऱ्या महिन्यात बिल निघाले आणि ते पुन्हा प्याले. मी चिडलो, नाद सोडला. बैठकीतला तो म्हातारा मात्र एसटीने त्यांच्या वस्तीवर गेला, चहा घेतला आणि पुढच्या शनिवारी त्यांना घेऊन गेला. तिथे घसरलेल्या माणसाला उणेदुणे बोलत नाहीत. आजचा दिवस न पिता काढ, एवढेच म्हणतात. वहिनीही नातेवाइकांच्या बैठकीला जातात. ॲल-ॲनॉन म्हणतात तिला, १९५१ पासूनची. तिथे काय बोलतात ते मी विचारलेले नाही.

मी त्या मंडळींना म्हटले, कारखान्याकडून देणगीसाठी शब्द टाकतो; निदान चहाला साखर तरी घ्या. त्यांनी हात जोडले. बाहेरची मदत घ्यायची नाही, हा त्यांचा जगभरचा दंडक आहे. खोलीचे भाडे आपापसांत गोळा करून देतात. सहकारात इतकी वर्षे काढली, पण साखर नको म्हणणारी माणसे प्रथमच भेटली.

जवळची बैठक कुठे आणि कोणत्या वारी भरते ते जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागात विचारावे. १४४४६ हा शासनाचा व्यसनमुक्तीचा फोन आहे, त्याला पैसे पडत नाहीत. एकट्याला जायला संकोच वाटत असेल तर मला सांगा, मी येईन. गट ऑफिसच्या कुठल्याही वहीत नाव चढणार नाही.

हे सारे त्या सभासदांना विचारून लिहिले आहे. "गाव तेवढं घालू नका," म्हणाले. यंदा त्यांच्या खोडव्याचे बुडखे दोघांनी मिळून छाटले, पाचट सरीत आहे. एका कोपऱ्यात नांग्या पडल्या आहेत, तिथे रोपे लावायला सांगून आलो.

— ऊस विकास अधिकारी